दहापैकी चार

वन्सं, आजही माझ्याकडून तिघांचा भात लावला गेला.

हाताला माप बसलं आहे, आम्हा दोघांचं आणि दवाखान्यातल्या तुमच्या डब्याचं. तुम्ही गेल्याला महिना होत आला, तरी हात तांदळाच्या डब्यात गेला की तीच वाटी तेवढीच भरून बाहेर येते. उरलेला भात संध्याकाळी फोडणीला टाकते आणि आम्ही दोघं तो न बोलता संपवतो. तुमचे बंधू आधीच कमी बोलणारे. आता ते टीव्हीही लावत नाहीत. गल्लीतल्या पोरांनी रंगपंचमीसाठी आत्तापासून पिचकाऱ्या बाहेर काढल्यात, तेवढाच काय तो घरात येणारा आवाज.

नणंदेला वन्सं म्हणणारी या गल्लीत मी शेवटची. नव्या सुना सरळ दीदी म्हणतात. तुम्ही मला नावानं हाक मारायचात. गणिताच्या शिकवणीची मुलं मॅडम म्हणतात, शेजारणी भाभी म्हणतात, हे ‘अगं’ म्हणतात, आणि बंगलोरहून मुलगा फोनवर विचारतो, मम्मी, खाना खाया? शैला असं म्हणणारं आता कुणी उरलं नाही. नाव असून वापरात नाही, असं काहीतरी झालं आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर छापून आलं. धारच्या शाळेतली नोकरी, विषय, निवृत्ती, सगळं आहे. मी तपासलं, सगळं बरोबर आहे. म्हणून ते मी पुन्हा लिहीत नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, तेवढं मला लिहायचं आहे.

ते सुरू झालं निवृत्तीनंतरच्या तुमच्या पहिल्या दसऱ्याला. तुम्ही धारहून देवासला आला होतात आणि ओट्याशी उभ्या राहून सांगत होतात. शाळेतल्या एका बाईंचा पाय मोडला म्हणून तुम्ही त्यांना बघायला सरकारी दवाखान्यात गेलात. शेजारच्या खाटेवर बदनावरकडची एक बाई होती, मांडीचं हाड मोडलेली. घरचे औषधाच्या दुकानात गेले होते आणि ती एकटीच ओरडत होती. तुम्ही स्टूल ओढलंत, तिच्या उशाशी बसलात आणि विचारलंत की घरी म्हशीकडे कोण बघतंय. तिनं सांगितलं, जाऊ बघते, पण जावेला म्हैस लाथ मारते, दूध चोरते. मग म्हशीचा स्वभाव, जावेचा स्वभाव, दोन्ही निघालं. घरचे परत आले तेव्हा ती ओरडत नव्हती.

मी गवार मोडत होते. म्हटलं, “ओरडणं थांबलं, वन्सं. दुखणं नाही थांबलं.”

“कशावरून?”

“म्हशीच्या गप्पांनी हाड जुळलं नसेल ना. तुम्ही आवाज मोजलात.”

“आणि तू हाड मोजतेस,” तुम्ही म्हणालात. “दुखणं दोघींनीही मोजलेलं नाही.”

त्या दिवशी मला वाटलं होतं की मी जिंकले. तुम्ही मात्र पुढच्या बुधवारी पुन्हा त्या वॉर्डात गेलात, आणि मग जातच राहिलात. कुणी नेमलं नव्हतं, बिल्ला नव्हता. सिस्टर लोकांनी आधी हाकललं, मग सवय झाली, मग त्याच बोलवायला लागल्या. सगळा वॉर्ड तुम्हाला थोरल्या बहिणीसारखं जीजी म्हणायचा. मी विचारायचे, तिथं जाऊन तुम्ही करता काय? तुम्ही सांगायचात ते ऐकून माझं काही समाधान व्हायचं नाही. उभं राहून बोलायचं नाही, बसायचं. ‘होईल बरं’ असं म्हणायचं नाही. दुखतंय म्हटलं तर ‘हो, दुखत असेल’ म्हणायचं, आणि मग घरचं विचारायचं. बरोबर आलेलं माणूस जेवलं आहे का ते बघायचं, कारण रोग्याचा अर्धा जीव त्यात असतो. तुम्ही म्हणायचात, दुखणं पायात असतं, पण ते ओरडतं घरासाठी. मी म्हणायचे, हे वाक्य छान आहे, पण ह्याचा पुरावा काय?

एकदा तुम्ही मला बरोबर नेलंत. मांडवाकडच्या गावातला एक माणूस होता, साखरेच्या आजारानं ज्याचं पाऊल कापावं लागलं होतं. नसलेल्या पावलाची बोटं दुखतात म्हणून तो रडत होता. घरात कुणी बाहेरची बाधा म्हणत होतं, भाऊ तोंडावर नाटक म्हणत होता. तुम्ही त्याच्याशी फार बोलला नाहीत. डॉक्टरांना गाठलंत आणि सांगितलंत की हे त्याला एकट्याला समजावू नका, सगळ्या घरादारासमोर समजावा. डॉक्टर आले. कापलेल्या अवयवात दुखणं पुष्कळांना होतं, खरं असतं, त्यावर औषधही आहे, असं त्यांनी भावाकडे बघून सांगितलं. तो माणूस म्हणाला, “तो मैं झूठा नहीं हूँ?” औषध नंतर आलं. हे वाक्य आधी आलं. ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

डॉक्टर येईपर्यंत तुम्ही मला त्याच्या बायकोबरोबर व्हरांड्यात बसवलं होतंत. मी जे येतं ते विचारलं. जमीन किती बिघे, सोयाबीन किती बिघ्यांत, बिघ्याला किती क्विंटल उतरलं, गव्हाला पाणी किती वेळा द्यावं लागेल. ती उत्तरं देत गेली. एका जागी तिनंच मला दुरुस्त केलं आणि हसली. परतीच्या बसमध्ये तुम्ही म्हणालात, “बघ, तुलाही येतं.”

मी म्हटलं, मी काहीच केलं नाही, नुसता हिशेब विचारला.

“आज दिवसभरात तिला पहिल्यांदा असा प्रश्न मिळाला, ज्याचं उत्तर तिच्याजवळ होतं.”

तुमचं म्हणणं मी मान्य केलं नाही. पण ते वाक्य मी विसरलेही नाही.

मग तुमचीच पाठ दुखायला लागली, आणि पाठीचं निदान पाठीवर थांबलं नाही. तुम्हाला देवासला आणलं. कॅन्सर हाडांपर्यंत गेला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे खोलीबाहेर निघून गेले आणि तुम्ही मला विचारलंत, “किती?” माझ्याकडे आकडा नव्हता. तोपर्यंत मला कधी इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

दवाखान्यातली तुमची खोली देवीच्या टेकडीच्या बाजूची होती. नवरात्र नुकतं संपलं होतं आणि वर चढणाऱ्या वाटेवरच्या दिव्यांची माळ अजून उतरवली नव्हती. दुखण्याचं बघणारी डॉक्टर तरुण होती. पहिल्याच दिवशी तिनं समजावलं, शून्य म्हणजे काहीच दर्द नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतका, मधला आकडा तुम्ही सांगायचा. खरं सांगते वन्सं, मला हायसं वाटलं. आपल्या भांडणाला इतक्या वर्षांनी मोजपट्टी मिळाली होती.

तुम्ही डॉक्टरला विचारलंत, “पास होने को कितने लगते हैं?”

“जीजी, इसमें फेल होना अच्छा है,” ती म्हणाली. दोघी हसलात. मी एकटीच आकडा ऐकायला थांबले होते.

तिथली रेखा सिस्टर टोंकखुर्द गावची, हिंदी बोलणारी. तिला तुम्ही दोन दिवसांत मराठी शब्द शिकवलेत. ‘दर्द’ एकच शब्द आहे आणि माझी दुखणी निरनिराळी आहेत, असं तुमचं म्हणणं. हाडातला तो ठणका, वळताना येते ती कळ, आणि रात्रभर राहते ती सल. पुढं ती दारातूनच विचारायची, “जीजी, आज ठणका कितना?” तिच्या तोंडी तो शब्द ऐकून मला बरं वाटायचं. या गावात आपल्या घराबाहेर तो शब्द दुसऱ्या कुणी वापरल्याचं मला माहीत नाही.

आणि मग मंडळातल्या बायका भेटायला यायला लागल्या. खाटेभोवती कोंडाळं करून उभ्या राहायच्या. कुणाच्या मामेसासूला हेच झालं होतं आणि ती कशी गेली, हे एक सांगायची आणि दुसरी म्हणायची, घाबरू नका हं, होईल सगळं नीट. तुम्ही मला डोळ्यांनी खुणावायचात, बसव त्यांना. नंतर म्हणायचात, वर बघितलं की माणसांचं छप्पर दिसतं. आणि तरी, वन्सं, उशीवरून मान उचलून तुम्हीच त्यांना विचारायचात, चहा घेणार ना? अगं शैला, चहा सांग. आपल्या माणसांचं हे एक मला कधी समजलं नाही. मरणाच्या खाटेवर पडून यजमानपण सांभाळायचं. त्यांच्यासमोर रेखानं आकडा विचारला तर तुम्ही दोन सांगितलात. दोन! ती माझ्याकडे बघायला लागली.

मला आधी वाटलं, ठीक आहे, पाहुण्यांपुरतं असेल. शिकवणी संपवून मी पाचच्या सुमाराला यायचे, तेव्हा तुमचा आकडा असायचा चार. रोज चार. मला तो बरा वाटायचा. मग एकदा रेखा सहज बोलून गेली, “दोपहर को तो सात बोलती हैं, भाभी.”

मी पेपरांचा गठ्ठा घेऊन आत आले, तो स्टुलावर ठेवला आणि उभ्यानंच बोलले. औषध या आकड्यावर ठरतं, वन्सं. तुम्ही चार सांगाल तर ते चाराचं देतील आणि तुम्ही रात्रभर साताचं दुखणं काढाल. खरा आकडा सांगा.

“आधी बस,” तुम्ही म्हणालात.

मी बसले. “एकट्या असलात की सात, मी असले की चार, पाहुणे असले की दोन. मी धरू काय?”

“सरासरी काढ.”

“चार पूर्णांक एक तृतीयांश,” मी म्हणून गेले. मला खरोखरच कळलं नाही की तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही इतक्या हसलात की पाठीत कळ आली, आणि कळ आल्यावरही हसत राहिलात. डोळे पुसून म्हणालात, “पाहुण्यांचा दोन खोटा. ते सांभाळून घेणं झालं. बाकीचे दोन्ही खरे.”

“दोन्ही कसे खरे असतील? दुपारी सात, पाचला चार. मधे औषध नाही, इंजेक्शन नाही. मी तक्ता बघितलाय.”

“मधे तू आलीस.”

मी चिडले. म्हटलं, ही तुमची जुनी युक्ती आहे, मला खूश करायला सांगताय. नाहीतर भांडण जिंकायला सांगताय. तुम्ही डोळे मिटलेत. “तुला नाही पटायचं. गणितवाली आहेस. वाच, आज काय दिवे लावलेत पोरांनी.”

मी वाचलं. खरं तर मी तिथं तेवढंच करत होते. हात धरून बसणं मला येत नाही. मी तुमच्या पायांशी बसून पेपर तपासायचे आणि एखादं उत्तर फारच चुकलं असेल तर मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या दिवशी एकानं वडिलांचं वय मुलापेक्षा कमी काढलं होतं. तुम्ही म्हणालात, “त्याला अर्धा मार्क दे. काही बाप असतातच तसे.” मी दिला नाही. तुम्ही दोन दिवस त्या अर्ध्या मार्कासाठी माझ्यामागे लागला होतात.

डॉक्टरला मी कॉरिडॉरमध्ये गाठून सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, रोगी जितका सांगेल तितकाच दर्द असतो, त्यात खरा-खोटा बघायचं नसतं. पण औषध मी सर्वांत वाईट आकड्यावर धरीन. तेव्हा ठरलं की रेखा आकडा विचारेल तो तुम्ही एकट्या असताना. मी खोलीत असले तर तेवढ्यापुरती बाहेर जायची. ही सूचना माझीच होती. औषध वाढलं, तुमची रात्र थोडी बरी जायला लागली, म्हणजे ते योग्यच झालं. मला त्याचा पस्तावा नाही. पण रोज ती दारात आली की मी गठ्ठा खाली ठेवून बाहेर जायचे, आणि तिथं भिंतीला टेकून थर्मास धरलेले तुमचे बंधू उभे असायचे. ते कधी आत आले नाहीत. उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तुमचे पाय दिसले की थांबायचे. आम्ही दोघं शेजारी उभे राहायचो. आत तुम्ही काय सांगताय ते आम्हाला ऐकू येऊ नये, म्हणून मीच दार लोटून घेतलेलं असायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं बसस्टँडवरच्या अनोळखी माणसांसारखे उभे असायचो.

एकदा तुम्ही विचारलंत, “धारला बुधवारी कोण जातंय?” तुमची म्हैस ती होती, वन्सं. तुम्ही सगळ्यांना विचारायचात की घरी कोण बघतंय, आणि तुम्हाला तसं कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. मी धारला दोन-चार फोन लावले. मग येऊन सांगितलं, कुणी जात नाही. मला वाटलं होतं, तुम्ही उदास व्हाल.

“बरं झालं, जातंय कुणीतरी असं म्हणाली नाहीस,” तुम्ही म्हणालात. “बाकी सगळ्यांसमोर मला सांभाळावं लागतं. तुझ्या नवऱ्यासमोर, आमच्या बाळूसमोर, तर फारच. तो बिचारा दारात उभा असतो, मी कण्हले तरी त्याला लागतं. तू आलीस की सोडून देते सगळं. म्हणून तो चार आहे. समजलं?”

मी ‘हं’ म्हटलं. समजलं असं म्हटलं नाही. त्या वेळी ते म्हणायला काय हरकत होती, ते आता आठवत नाही.

थंडी सरत आली होती. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही फार बोलत नव्हतात. मी ठरल्याप्रमाणे बाहेर गेले. दार लोटलं, पण ते नीट बसलं नाही आणि आतलं ऐकू आलं. रेखानं दोनदा विचारलं, जीजी, कितना. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण शाळेतला होता. “पहले उसको अंदर बुलाओ. फिर पूछो.”

रेखा म्हणाली, भाभी के सामने नहीं पूछना है, ऐसा भाभी ने ही बोला है.

“भाभी को बोलो, जीजी ने बोला है.”

मी आत आले. स्टुलावर बसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, घाई न करता, एखादं अवघड उत्तर तपासावं तसं. मग रेखाला म्हणालात, “अब लिख. तीन.” आणि डोळे मिटलेत. ओठांच्या कडेला थोडं हसू होतं.

पहाटे तुम्ही गेलात.

तीन, वन्सं. मी महिनाभर त्या तिनाशी बसले आहे. तो खरा होता, की माझ्यासाठी ठेवलेला होता, जसा पाहुण्यांसाठी चहा? मला खूश करायला होता, की मला हरवायला? तुम्ही होतात तोवर हा वादाचा मुद्दा होता. आता तो एवढाच प्रश्न उरला आहे की मी तिथं रोज येऊन बसले त्यानं तुमचं काही दुखणं उतरलं का, की मी नुसतीच बसले. हे ज्यांना विचारायचं, त्या तुम्हीच नाही.

परवाचं सांगते. भात झाला होता, तिघांचा, आणि माझं लक्ष नव्हतं. वाफ पुरती गेलेली नसताना कुकर उघडला आणि डावं मनगट भाजलं. पाण्याखाली धरलं तरी कातडी उचलून आली. हे घरात होते. त्यांनी चपला घातल्या आणि मला रिक्षात बसवलं. जवळ तोच दवाखाना. ड्रेसिंगच्या खोलीत रेखाच होती. हे बाहेर नावाची चिठ्ठी काढायला थांबले आणि मी आत एकटी बसले. रेखानं मनगट बघितलं आणि सवयीनं विचारलं, “कितना, भाभी? दस में से?”

मी नीट विचार करून सांगितलं, छह. मी असल्या गोष्टी उगाच सांगत नाही.

ती सामान आणायला आतल्या खोलीत गेली. दार वाजलं, आणि तुमचे बंधू आत आले. वन्सं, आत आले. त्या दवाखान्यात, उंबरा ओलांडून. इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसले. उभे राहिले नाहीत. माझ्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, “भात किती लावला होतास?”

मी म्हटलं, “तिघांचा.”

ते म्हणाले, “काल तू झोपली होतीस ना दुपारी, मी चहा केला. तीन कप टाकला.” पुढं म्हणाले, “एक ओतून दिला.”

मग मी रडले. तेही रडले असावेत, मी बघितलं नाही. ते सांगत होते, ताईनं लहानपणी मला सायकल शिकवली होती, टेकडीच्या उतारावर, ब्रेक नसलेली, असं काहीतरी. ही गोष्ट मला माहीत नव्हती. तुम्हीही कधी सांगितली नव्हतीत.

रेखा ट्रे घेऊन आली. मलम उघडताना तिनं पुन्हा विचारलं, अब कितना? मी स्वतःच्या आत बघितलं. वन्सं, शपथेवर सांगते, मी कुणाला खूश करायला बघितलं नाही, तुम्हाला जिंकून द्यायलाही नाही. मनगट तसंच होतं, लाल, कातडी उचललेली. मी आकडा शोधला आणि जो सापडला तो सांगितला.

“चार.”

“अभी तो छह बोला था,” रेखा म्हणाली. “दवा तो मैंने अभी लगाई ही नहीं.”

“दोनों लिख लो,” मी म्हटलं. “दोनों सही हैं.”

एका उदाहरणानं काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना शिकवते, आणि तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही हेच म्हटलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, हरलीस, शैला, आता तरी कबूल कर. मी म्हटलं असतं, अजून नाही.

आता म्हणू कुणाला?